नंबर तोच आहे

हिल्का राउतिओ आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि मी बरोबर तिच्या खाली. पंचवीसेक वर्षांत तिच्या पावलांचा आवाज मी जेवढा ऐकलाय, तेवढं तिचं बोलणं ऐकलेलं नाही. आमच्या या सालो गावची माणसं मुळातच मोजून बोलतात, आणि हिल्का त्या सालोकरांनाही अबोल वाटते, यावरून काय ते समजा. बाहेर जायला निघाली आणि जिन्यात कुणाची चाहूल लागली, तर जिना मोकळा होईपर्यंत ती अंगात कोट घालून दाराआड उभी राहते. यात शिष्टपणा काही नाही. समोरच्याला उगाच आपल्याशी बोलावं लागू नये, एवढीच तिची काळजी. मी पडले युद्धात पूर्वेच्या कारेलियातून घरदार सोडून उठून आलेल्यांची पोर. आमच्या घरी एकाच वेळी चौघं बोलायची आणि ऐकायला कुणी नसायचं. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, ही बाई माझ्यावर रागावलीय.

मैत्री झाली ती सौनामुळे. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची खोली, आहे आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास नेमून दिलाय. शुक्रवारी पाच ते सहा हिल्काचा, सहा ते सात माझा. असा तास माणूस मेला तरच सुटतो, आणि तेव्हाही त्यावर डोळा ठेवून बसलेली तीन घरं असतात. ती अंग पुसत असताना मी कपडे काढत असते. वाफेनं माणूस जरा सैल होतो. तिथल्या कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून हिल्का एखाद-दोन वाक्यं बोलायची, आणि आठवड्याला दोन वाक्यं या चालीनं मला तिचं आयुष्य कळत गेलं.

तिचा नवरा लवकर गेला. मुलगी साइया शिकून तिकडे वर औलूला नोकरीला. धाकटी बहीण इर्या कायानीला, तिच्या नवऱ्याचं, ताइस्तोचं, तिथे लाकडाचं काम. हिल्का स्वतः आमच्या गावातल्या फोनच्या कारखान्यात होती. त्या काळी अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटायची. बटणं नीट दाबली जातात की नाही, हे बघायचं काम तिच्याकडे होतं. जगभरातल्या किती माणसांच्या हातातले फोन आधी तिच्या हातून गेले असतील, देव जाणे. पण तिला स्वतःला फोनवर बोलायला सांगितलं की तिचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा व्हायचा. कारखाना बंद झाला, मग ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली.

निवृत्तीच्या दिवशी साइयानं तिला मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला आणि हिल्काला कंठ फुटला. फुटला म्हणजे बोटात फुटला. साइया, इर्या, इर्याची सून आणि ही, अशा चौघींचा एक ग्रुप होता. त्यात ही बाई दिवसभर काय काय पाठवायची! सकाळची कॉफी, खिडकीतला पक्षी, विणायला घेतलेला लोकरीचा मोजा, विणून झालेला मोजा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही दोघी रानात मशरूम गोळा करायला जातो. पूर्वी ती माझ्या दुप्पट गोळा करायची. फोन आल्यापासून प्रत्येक मशरूमपुढे गुडघे टेकून आधी फोटो, मग ग्रुपवर, मग त्यावर कोण काय म्हणतंय त्याची वाट.

"अगं, खायचेत ना ते? का त्यांची लग्नं जमवायचीत?" मी म्हणायची.

"इर्याला आवडतात," ती म्हणायची, आणि मान पुन्हा खाली.

मी काही संत नाही. माझाही फोन उशाशी असतो. सकाळी डोळे उघडायच्या आत मला कुठल्या तरी परक्या बाईचं स्वयंपाकघर बघायचं असतं. पण मी बडबडी आहे, माझं फोनवाचून अडत नाही. हिल्काचं अडायला लागलं होतं. तिला त्या काचेतून माणसं भेटत होती आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. बसमध्ये, डॉक्टरकडे, दुकानाच्या रांगेत, सगळीकडे तिचा अंगठा चाललेला. कुणी काही पाठवलं की तिचा एक अंगठा वर. झालं, पोचपावती दिली. दोघी बहिणींनी एकमेकींचा आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये ताइस्तो गेला. हिल्का कायानीला जाऊन आली. दोघी बहिणी चर्चमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, फुलं वाहिली, नंतर सगळ्यांबरोबर कॉफी घेतली. हिल्का परत आली ती नेहमीसारखीच, गप्प.

पुढच्या मंगळवारी माझ्या दाराची घंटा वाजली. आमच्याकडे न कळवता कुणी कुणाच्या दारात येत नाही, हिल्का तर नाहीच नाही. मी दार उघडलं आणि ती सरळ आत आली. पायात बूट. बूट न काढता ही बाई माझ्या स्वयंपाकघरापर्यंत गेली. तेव्हाच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

"वाच," ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला.

ताइस्तोचा एक चांगला फोटो काढून चौकटीत लावावा म्हणून ती ग्रुपमध्ये मागे मागे गेली होती. तिथे इर्याचा निरोप होता, "ताइस्तोला पहाटे इस्पितळात नेलं. हृदयाचं आहे म्हणतात. काही खरं नाही." आणि त्याखाली वर केलेला अंगठा. हिल्काचा.

"मी वाचलंच नव्हतं, मार्ता," ती म्हणाली. "दुकानात रांगेत होते. सात-आठ निरोप साठलेले. बोट आपलं चाललं होतं."

दोन दिवसांनी ताइस्तो गेल्याचा निरोप आला. तो तिनं वाचला, त्याला उत्तर दिलं, गाडी पकडली. आधीचा निरोप तिच्या डोक्यात कुठे नव्हताच. "अस्सं झालं" म्हणून इर्यानं सांगितलं, आणि सख्ख्या बहिणीनं "छान" म्हटलं. त्यानंतर चर्चमध्ये ती तिच्या शेजारी उभी राहिली होती.

"ती काहीच बोलली नाही गं," हिल्का म्हणाली. "मला कॉफी ओतून दिली तिनं."

मला रडू आलं. मला पटकन येतं. तिला नाही आलं. ती उठली, दारापर्यंत गेली, मग तिला बूट दिसले आणि ती परत येऊन फरशी पुसायला फडकं मागायला लागली. मी तिला हाकललं.

दोन दिवसांत तिनं बटणांचा फोन आणला. काळा, मुठीत मावणारा. दुकानातल्या मुलीनं विचारलं म्हणे, "आईसाठी घेताय का?" आमच्याकडे काचेचा फोन सोडणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. बँकेत ओळख पटवायला फोन, दवाखान्यात वेळ घ्यायला फोन, बसच्या तिकिटाला फोन. हिल्का तीन वेळा बँकेत जाऊन बसली तेव्हा त्यांनी तिला आकडे दाखवणारं एक छोटं यंत्र दिलं. बसचं कार्ड काढायला वेगळी खेप झाली. दवाखान्यात फोन लावून तास तास ती वाट बघायची. तिला कशाचाच त्रास वाटला नाही. शिक्षा भोगायला बसलेल्या माणसाला बाक टोचत नाही, तसं चाललं होतं तिचं.

काचेचा फोन बंद करायच्या आधी तिनं ग्रुपवर शेवटचा निरोप लिहिला. मला दाखवला. "ग्रुप सोडते. नंबर तोच आहे."

"बस, एवढंच?" मी म्हटलं.

"अजून काय?"

"अगं, 'फोन करत जा' असं लिही ना! 'तुमचा आवाज ऐकायचाय' असं लिही!"

"ते त्यात आलंच," हिल्का म्हणाली आणि निरोप पाठवून मोकळी झाली.

"मग इर्याला आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग काय झालं ते."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिला कायानीत जाऊन इर्याचं कपाट उचकायला सांगितलंय. "तिचा नवरा गेलाय. दुःखातल्या माणसाला आपण होऊन त्रास द्यायचा नाही. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती करेल."

सप्टेंबर गेला. सुरुवातीला तिचा हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मग तो जायचा थांबला. आमच्या बसथांब्यावर ती नुसती बसलेली दिसायला लागली. समोरच्या बर्च झाडांकडे बघत, मांडीवर हात ठेवून. झोप लागते म्हणाली. रानात गेलो तर तिची बादली माझ्याआधी भरली, आणि घरी आल्यावर मशरूम साफ करता करता तिनं मला तिच्या आईची एक आख्खी गोष्ट सांगितली. मला वाटलं, चला, सुटली बाई. तिनं काय सोडलं आणि कशासाठी सोडलं, ते मी तेवढ्यापुरतं विसरले होते.

ऑक्टोबरात एका दुपारी ती खाली आली. "मला फोन करून बघ. चालतोय का."

मी केला. तिच्या एप्रनच्या खिशात तो एवढ्या मोठ्यानं खणखणला की माझ्या हातातला चमचा पडला. म्हाताऱ्यांसाठी केलेला फोन तो, त्याचा आवाज अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा.

"चालतोय," हिल्का म्हणाली आणि वर निघून गेली. त्या दिवशी रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही.

साइयाचा अधूनमधून दोन शब्दांचा निरोप यायचा, "ठीक ना?" हिल्का बटणं दाबत दाबत उत्तर लिहायची, "ठीक." इर्याकडून काही नाही. हिल्कानं मनाशी पक्कं केलं होतं की बहिणीनं आपल्याला टाकलंय आणि टाकलं ते बरोबरच केलंय. मी तिला पुन्हा पुन्हा डिवचलं. एकदा तर म्हटलं, "दे इकडे नंबर, मी करते." त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. म्हणजे नेहमीपेक्षा दोन वाक्यं कमी.

नोव्हेंबरात सगळ्या मृतांची आठवण करायचा शनिवार असतो, त्या दिवशी कबरीवर मेणबत्त्या लावतात. वडिलांच्या कबरीसाठी साइया आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी आली. मी कारेलियाच्या पद्धतीच्या, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या करंज्या केल्या होत्या, आत तांदळाची खीर, वरून उकडलेलं अंडं कालवलेलं लोणी. दोघींना खाली बोलावलं. साइया मोठी गुणी मुलगी, आईवर गेलेली, म्हणजे खाताना फक्त खाणारी. शेवटी मीच तोंड उघडलं.

"काय गं साइया, आईला एक फोन करायला तुला होतं काय?"

ती गोंधळली. "पण आईला शांतता हवीय ना?"

"कोण म्हणालं?"

"आम्ही सगळ्यांनी तसंच ठरवलं. आईनं ग्रुप सोडला तेव्हा मावशी म्हणाली, हिल्काला आता कुणाचा त्रास नकोय, तिला सुखानं राहू द्या, कुणी फोन करून छळू नका. मावशीला स्वतःलाच फोन करावासा खूप वाटतो. मला दर वेळी विचारते, 'आई कशी आहे?' मी सांगते, आई 'ठीक' म्हणते. मग ती म्हणते, 'बरं, मग नको.'"

हिल्काच्या हातातली करंजी तशीच राहिली.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ही इथे फोन खिशात घेऊन बसलीय, ती तिथे फोन हातात घेऊन बसलीय, आणि तू मधे बसून दोघींना सांगतेयस, ठीक आहे! सभ्यपणानं माराल तुम्ही एकमेकींना! आमच्या कारेलियात असं झालं असतं ना, तर पहिल्याच दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी रडारड आणि तिसऱ्या दिवशी जेवण झालं असतं!"

साइया लाल झाली. हिल्का उठली, बशी धुऊन ठेवली. पाच वाजत आले होते. "माझी सौनाची वेळ झाली," एवढंच म्हणाली आणि गेली.

सहाला मी खाली उतरले. कपडे बदलायच्या खोलीत हिल्का बाकावर बसली होती, टॉवेल गुंडाळून. केस कोरडे. सौनाचं दार बंद, आत दगड तापलेले, पण त्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. हातात तो काळा फोन.

"तासभर अशीच बसलीयस?"

"तू लाव," ती म्हणाली.

"मी नाही लावणार."

"मार्ता."

"तू काही म्हण, नाही लावणार. आजपर्यंत लावते लावते म्हणून तुझ्या मागे लागले होते, तेव्हा नाही म्हणालीस. आता तुझं तू लाव." मला खरंच राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. तीन महिन्यांत माणसाचं मन किती कडू होतं कोण जाणे.

तिनं बटणं दाबली. एकेक, अगदी पुरं दाबून, सोडून. मग फोन कानाला लावला. त्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"इर्या कोक्को," तिकडून आवाज आला; आमच्याकडे फोन उचलला की आधी आपलं नाव सांगतात.

"मी आहे."

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"साइया बरी आहे?"

"बरी आहे." हिल्का थांबली. टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "इर्या, तो अंगठा."

तिकडे काहीतरी खट्कन वाजलं. मला वाटलं, ठेवला फोन.

"पाहिला होता," इर्या म्हणाली.

"मी वाचलं नव्हतं. रांगेत उभी होते. न वाचताच... मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी आले असते."

"तो ताइस्तोनंच पाहिला आधी," इर्या म्हणाली. "माझा फोन त्याच्याच हातात होता, नाकात नळी. मला म्हणतो, बघ, तुझ्या बहिणीला आनंद झालाय मी आजारी पडल्याचा. आणि हसला. इतका हसला की नर्स आली बघायला. त्यानंतर हसला नाही तो."

हिल्काच्या तोंडून कसलासा आवाज आला.

"त्याला हसू आलं," इर्या म्हणाली. "मला नाही आलं. मला अजून नाही आलं, हिल्का."

"नाही येणार."

"हे तुला सांगावं म्हणून कितीदा फोन हातात घेतला. मग म्हटलं, तिला शांत राहायचंय."

"मला नव्हतं राहायचं," हिल्का म्हणाली, आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, फोन कानाला घट्ट धरून. तिकडे इर्याही रडत असावी, नाक ओढल्यासारखं ऐकू येत होतं. मी माझा टॉवेल हातात घेऊन तशीच उभी. खरं म्हणजे तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

थोड्या वेळानं दोन्हीकडचं ते थांबलं. मग काहीच नाही. त्यांचं सांगून झालं होतं, आणि पुढे काय बोलतात हे दोघींना कधीच माहीत नव्हतं. आता ही 'बरंय मग' म्हणेल आणि फोन ठेवेल, असं वाटून मी मनातल्या मनात तिला शिव्या द्यायला लागले. हिल्कानं अंगठा लाल बटणाकडे नेलासुद्धा.

"अजून काही आहे का बोलायचं?" तिकडून इर्यानं विचारलं.

"नाही."

"माझ्याकडेही नाही." मग घाईघाईनं, "पण ठेवू नकोस."

"नाही ठेवत," हिल्का म्हणाली. अंगठा मागे घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं साइया आईला शोधत खाली आली, तिला मी हातानंच गप्प केलं आणि शेजारी बसवलं. आतून शब्द ऐकू येत नव्हता. माझा सौनाचा तास संपला, पुढच्या घराचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून आला, तरी येत नव्हता.